काळा ठिपका आणि व्हार्निशचे दोन हात

सभागृह इतकं भरलं होतं, की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारून घ्यावा लागत होता. मंचावर मौनीबाबा सकाळपासून अखंड बोलत होते. हातात पांढरी टाइल. कडेने निळी वेल, मधोमध काळा ठिपका.

"हा ठिपका म्हणजे तुझा आजार," ते समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले. "श्रद्धा असेल तर जाईल. नसेल तर दोष माझा नाही."

ओलं फडकं फिरलं. ठिपका गेला, वेल जशीच्या तशी. लोकांनी हात जोडले. पुढच्या माणसाने मघाशी दोन प्रश्न विचारले होते. त्याचा ठिपका घासघासूनही हलेना.

"पाहिलंत? संशय फार चिवट असतो," बाबा म्हणाले. श्रद्धेचं मोजमाप इतकं स्वस्त आणि स्वच्छ कुठेच होत नसेल.

मागच्या रांगेत टाइल्स रंगवणारी बाई उभी होती. ती दर्शनाला आली नव्हती, स्वतःच्या मालाची चौकशी करायला आली होती. आदल्या दिवशी तिची नणंद स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी साखर तपासली आणि कपाळाला हात लावला. तेव्हा कुठे नणंदेने कबूल केलं, "वहिनी, मी आठवड्यापासून गोळ्या बंद केल्यात. माझा ठिपका गेलाय." आणि कपाटातून टाइल काढून दाखवली. वेलीचं शेवटचं पान खाली वळलेलं होतं. असं पान ती एकटीच काढायची.

महिन्यापूर्वी एक गृहस्थ हॉटेलच्या भिंतीसाठी म्हणून या टाइल्स करून घेऊन गेले होते. त्यांची अट विचित्र होती. पण गिऱ्हाईकाच्या लहरींवरच तर तिचं घर चालत होतं.

ती गर्दीतून वाट काढत मंचावर चढली. पिशवीत उरलेल्या दोन टाइल्स होत्या.

"बाबा, माझाही एक रुग्ण आहे."

"कुठे आहे, माई?"

"हे तुमचं स्टूल. याला साखर आहे."

लोक हसले. तिने टाइल स्टुलावर ठेवून ओलं फडकं फिरवलं. ठिपका गेला.

"स्टुलाची श्रद्धा दांडगी निघाली. आता हा ठिपका तुमचा. पुसा."

बाबांनी तिच्या हातातली दुसरी टाइल घेतली आणि आधी उलटी करून मागचा कोपरा पाहिला.

"मागे काय बघता? खूण मी खरवडून आणलीय," ती म्हणाली. त्या दिवशी प्रथमच बाबा नावाला जागले.

तिने स्वतःच तो ठिपका घासला. तसूभरही हलला नाही. मग ती लोकांकडे वळली.

"वेल रंगवली, वाळली, की त्यावर मी व्हार्निशचे दोन हात देते. मग रंग पाण्याला दाद देत नाही. या टाइल्स नेणाऱ्या गिऱ्हाईकाची अट होती: अर्ध्या टाइल्सवर ठिपका व्हार्निशच्या आत हवा, आणि ओळखायला मागे खूण; तो ठिपका जात नाही. उरलेल्यांवर तो व्हार्निशच्या वर आहे, साध्या पाण्याच्या रंगाचा. बरं करायचा माणूस कोणता आणि पापी कोणता, ते मागची खूण बघून ठरायचं."

पहिल्या रांगेतल्या एक आजी भारावून म्हणाल्या, "म्हणजे खरा गुण तुझ्याच हाताला आहे तर. माझ्या गुडघ्यावर ठेव ना हात."

तिला हसावं की रडावं कळेना. "आजी, गुण असलाच तर व्हार्निशमध्ये, आणि ते रंगाच्या दुकानात मिळतं. गुडघा डॉक्टरला दाखवा. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा: ही वस्तू केली कोणी, आणि कशी?"

ती घाईने खाली उतरली. नणंदेच्या दुपारच्या गोळीची वेळ झाली होती.