साठ ताटल्यांची गाडी

मित्रांनो, मी अर्धीच उरले आहे, पण उरले आहे ती अस्सल जुनी गाडी आहे. आजकालच्या कचकड्याच्या गाड्यांसारखी मी दुकानाच्या काचेत बसून आले नाही. माझं लोखंड सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात वाकवलं गेलं. सूत भरलेल्या कांड्या मागांपर्यंत पोचवायच्या, हे माझं काम. चार लोखंडी चाकं, चार कप्पे आणि अंगाला तेलाचा वास. त्या कारखान्यात गाडीची अब्रू एकाच गोष्टीवर ठरायची, तिच्यात माल किती बसतो यावर. कमी माल नेणाऱ्या गाडीला मुकादम लाथ घालायचा. मला कधी लाथ बसली नाही.

पुढे कारखाना बंद पडला. ज्यांनी माझ्यावर ओझी लादली त्यांच्यातल्या एकानेही जाताना वळून पाहिलं नाही. मी शिवलिंगप्पाच्या भंगाराच्या दुकानात येऊन पडले. पावसाने गंजले, कुत्र्यांनी माझ्या चाकांवर पाय वर केले. माणसांची आठवण एवढीच असते, मित्रांनो.

एके दिवशी दुकानात मीनाबाई आली. माझ्याच कारखान्यात जन्मभर कांड्या भरलेली बाई. बरोबर तिची कॉलेजात जाणारी लेक दीक्षा. दीक्षा डिस्क गोल्फ खेळायची. हा खेळ तुम्ही पाहिला नसेल. शहराबाहेरच्या माळावर साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपल्या उभ्या केलेल्या असतात. लांबून प्लास्टिकची चकती फेकत फेकत टोपलीत घालायची. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकतो. चकत्या हलक्या-जड, वेगवेगळ्या असतात. सगळ्या उचलून माळभर हिंडायचं म्हणून चाकांची गाडी हवी. दीक्षाचा हात चांगला होता. जिल्ह्याच्या टीममध्ये नाव यावं आणि पुण्याला खेळायला जावं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शिवलिंगप्पाने लहान मुलाच्या बाबागाडीचा सांगाडा पुढे ओढला. "अक्का, ही घ्या की. हलकी हाय, घडी पडती."

"आप्पा, ही पोरं फिरवायची गाडी. हिच्यात काय बसनार?" मीनाबाई म्हणाली.

"आई, मला पंधराच डिस्क लागतात," दीक्षा म्हणाली. "हीच बरी आहे."

"पंधरानं काय हुतंय? बाकीच्या पोरी तीस-तीस ताटल्या आनतील, मंग तोंड कुटं लपवशील?"

"तितं तीस कुणी आणत नाही गं."

"मग तू आन."

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. तिने माझ्या कप्प्यात हात घातला आणि वितीने खोली मोजली. "साठ बसतील," ती म्हणाली. तिच्या तोंडून कारखानाच बोलत होता. मला धन्य वाटलं. पोरीच्या चेहऱ्याकडे आम्हा दोघींपैकी कुणीच बघितलं नाही.

मग माझा थाट सुरू झाला. माझी लोखंडी चाकं काळ्या मातीत रुतली असती, म्हणून ती काढून लहान सायकलची चाकं बसवली. माळावर बाभळीचे काटे, म्हणून टायरांत हवा न भरता जुन्या ट्यूबांचे तुकडे ठासले. कप्प्यांना खराब निघालेल्या चादरीचं अस्तर लावलं, म्हणजे चकत्या घासायला नकोत. एका बाजूला छत्रीसाठी नळी वेल्डिंग केली, दुसऱ्या बाजूला पाण्याचा जार बसवला, वर बसायला फळी. सोलापूरच्या उन्हात लोखंड हाताला चटका देतं, म्हणून मीनाबाईने दांड्याला सुताचा घट्ट पीळ दिला. एवढ्या मायेने तिने कधी पोरीची वेणी घातली नसेल. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा नव्या नवरीसारखी दिसत होते.

पहिल्या दिवशी माळावर सगळे माझ्याभोवती गोळा झाले. शिकवणारे अभिमन्यू सर म्हणाले, "वा, दीक्षा. ही गाडी नाही, गोदाम आहे."

रेश्मा नावाची एक खेळाडू होती. तिने माझा रिकामा कप्पा पाहिला आणि स्वतःची पिशवी त्यात टाकली. "जागा आहे ना? मग राहू दे की. खांदा दुखतो माझा." दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीची पिशवी आली. मग सरांचं पाणी आलं, कुणाचे बूट आले, कुणाचा डबा आला. नाही म्हणायला दीक्षाला जीभ नव्हती. आईची जीभ एवढी मोठी की घरात दुसरीला जागाच उरली नव्हती.

"हमालीन आली गं," रेश्मा लांबून हाक मारायची आणि बाकीच्या खिदळायच्या. सर तिला थांबवायचे नाहीत. ते फार गोड बोलायचे. "दीक्षामुळे आपल्या सगळ्यांचे हात मोकळे राहतात," म्हणायचे. गोड बोलून वापरून घेणाऱ्या माणसाइतकं निर्दयी कुणी नसतं, हे मी कारखान्यात पुष्कळ पाहिलं होतं.

दीक्षाचं मनगट सुजायला लागलं. त्याच हाताने ओढायचं आणि त्याच हाताने फेकायचं. एका संध्याकाळी ती चुलीसमोर हात शेकत बसली.

"आई, गाडी लई जड पडतीय."

"जड?" मीनाबाईने भाकरी उलटली. "मी डोक्यावर पाट्या वाहिल्या, तवा तुजी फी भरली. तुला चाकं दिली तरी हात दुखतोय व्हय? राजाची राणीच हाय की तू."

दीक्षा उठून बाहेर आली आणि माझ्या फळीवर बसून राहिली. पुन्हा तिने तक्रार केली नाही. मीनाबाईला वाटलं, पोरगी सरळ झाली. तिने मला आणखी एक कप्पा लावला.

निवडीचा दिवस आला. मीनाबाई ठेवणीतलं पातळ नेसून पोरीचा खेळ बघायला आली. निवडीत सगळे खेळाडू वेगवेगळ्या टोपल्यांपासून एकाच वेळी सुरुवात करतात. शिट्टीच्या वेळी जो आपल्या जागेवर नसेल, त्याच्या हुकलेल्या टोपलीपोटी जास्तीच्या फेकी त्याच्या अंगावर पडतात. प्रत्येक जण आपापल्या टोपलीकडे निघाला, रिकाम्या हातांनी. पिशव्या माझ्यात होत्या. दीक्षा एकीला पिशवी दे, दुसऱ्याला बूट दे, असं करत माळभर मला ओढत पळत होती. तिची टोपली सगळ्यात लांब, तळ्याच्या कडेला.

"लवकर आण ना, शिट्टी होईल," रेश्मा ओरडली.

शिट्टी झाली तेव्हा दीक्षा माळाच्या मध्यावर होती, एका हातात माझा दांडा आणि दुसऱ्या हातात रेश्माची पिशवी. मीनाबाई सगळं बघत होती. तिच्या डोक्यावरची छत्री खाली आली.

दीक्षाच्या दोन टोपल्या हुकल्या. उरलेल्या ती सुजल्या मनगटाने इतकी सुंदर खेळली की परके लोक थांबून बघायला लागले. पण अंगावर पडलेल्या फेकी काही उतरल्या नाहीत. तेवढ्यानेच रेश्मा तिच्या पुढे गेली आणि दीक्षा टीमबाहेर राहिली.

सर हसत मीनाबाईकडे आले. "बाई, गाडी मात्र झकास बनवलीत. दीक्षाला आम्ही पुण्याला नेणार आहोत."

"खेळायला?"

"खेळायला पुढच्या वर्षी बघू. आता सामानासाठी. एवढी मोठी गाडी दुसऱ्या कुणाला ओढता येणार नाही."

मीनाबाईने लेकीचं मनगट हातात घेऊन दाबून बघितलं. दीक्षाने हात काढून घेतला.

सकाळी दोघींनी मला शिवलिंगप्पाच्या दारात उभी केली. मीनाबाईने त्याच्याकडे लोखंड कापायची करवत मागितली.

"अक्का, चांगली गाडी हाय. कशाला कापता?"

"आप्पा, तुमी करवत द्या. शानपना ठेवा तुमच्यापाशी."

तिने स्वतः कापलं. दीक्षाने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, हलू नये म्हणून. मित्रांनो, जिने माझा दांडा सुताने गुंडाळला तिनेच माझं पोट कापलं, आणि जिने मला ओढलं तिने मला दाबून धरलं. एकीनेही माझ्याकडे दयेने बघितलं नाही. कप्पे एकेक करून खाली पडले. छत्रीची नळी गेली, फळी गेली. उरला तो एकच कप्पा.

त्याच वेळी सरांचा फोन आला. मीनाबाईने करवत न सोडता घेतला.

"गाडी कापली, सर."

पलीकडून ते काहीतरी बोलले.

"का म्हंजे? तिच्यात लई बसत हुतं."

तिने फोन ठेवला आणि लेकीला म्हणाली, "बघ, किती ताटल्या बसतात."

"पंधरा," दीक्षा म्हणाली.

"मला आदीच सांगायचं हुतंस."

"सांगितलं होतं."

मीनाबाईने पदराने माझ्यावरचा लोखंडाचा भुगा पुसला. माफी मागणं तिला येत नव्हतं.

आता पुण्याला गेलेली मंडळी परत आली आहेत. माळावर दीक्षाशी कुणी बोलत नाही. सगळे आपापल्या पिशव्या खांद्यावर घेऊन चालतात आणि तिला गर्विष्ठ म्हणतात. ती एकटी खेळते आणि मी तिच्यामागून फुलासारखी हलकी जाते. मला ते हलकेपण आवडतं असं समजू नका. रिकाम्या गाडीला काय अब्रू?

पण मित्रांनो, माझ्या अब्रूची काळजी करू नका. गाडी घ्याल तेव्हा आसात तेल घाला, टायरातले काटे काढा, तिला उघड्यावर गंजू देऊ नका. आणि ती किती माल घेते हे विचारण्याआधी, ती ज्याच्या हातात देणार त्याचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा. लोखंडाचा जास्तीचा भाग मागाहून कापता येतो.