अंधारातली फेरी

मामाच्या कंपनीच्या वेबसाइटसाठी भाचीने सकाळीच काही ओळी लिहून ठेवल्या होत्या. 'आमची पार्श्वभूमी आणि मूल्ये' या मथळ्याखाली सचोटी होती, नावीन्य होतं, विश्वास होता. शेजारच्या कुठल्याही कंपनीने तेच उचलून आपल्या नावावर खपवलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. खरी पार्श्वभूमी म्हणजे मामाचं टेंगूळ, आणि ते वेबसाइटवर कसं लिहायचं?

मामाने दुकानं-ऑफिसं आतून आखून देणारी ही कंपनी काढली तेव्हा हातात एकच काम होतं, एक कापडाचं दुकान. दुकान उघडलं त्याच दिवशी दिवे गेले, आणि ज्याने त्या दुकानाचा इंच न् इंच आखला होता तोच मामा काळोखात आरशावर जाऊन आपटला. ही हकिकत तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला कपाळावर बोट ठेवून सांगायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. तेव्हापासून कंपनीचा नियम होता. दुकान असो की ऑफिस, किल्ल्या देण्याआधी मेन स्विच बंद करायचा आणि नकाशा काढणाऱ्याने सगळ्यात आतल्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. हातात टॉर्च नाही, तोंडून शब्द नाही. खांद्यावर हात ठेवून मागे मामा, त्याच्यामागे मालक. वाट चुकली की किल्ल्या परत मामाच्या खिशात, मग समोर कितीही बडं प्रस्थ असो.

मामाच्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, ही फेरी मुळीच आवडत नसे. ती अजूनही दिवा लावून झोपणारी बाई. घरात सगळे तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवत. मामा तेवढा कधी चिडवत नसे.

आज भाचीची पहिली फेरी होती. दोन मजल्यांचं बुटांचं दुकान, नकाशा तिचा एकटीचा. सकाळपासून तिला धास्ती होती, आणि ती काही उगाच नव्हती. मागच्या जिन्याकडे जाणारा बोळ तिने आधी नाकासमोर सरळ काढला होता. पण मालकाला नेमकी तिथेच खोक्यांची खोली हवी झाली. "मॅडम, एवढी जागा नुसती चालायला?" असं म्हणून त्याने आपल्या पुढच्या दुकानांचा विषय काढला. मामा तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी पडून होता. भाचीने मूग गिळले आणि खोली काढून दिली. आता बोळ सरळ जाऊन त्या खोलीच्या दारात संपत होता, आणि जिन्यासाठी मध्येच डावीकडे वळावं लागत होतं. रुंदी नियमात बसत होती, मंजुरीही मिळाली. मामाला तिने सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती, पण ती तिची तिलाच पटत नव्हती.

आणि ती वाट चुकू नये म्हणून आठवडाभर ती रोज इथे येऊन डोळे मिटून चालत होती, फुटलेला पेपर पाठ करावा तशी.

"मॅडम, दिवे घालवू?" वायरमनने खालून फोनवर विचारलं.

"घालवा," मामाच म्हणाला.

भिंतभर बूट मांडायचे म्हणून वरच्या मजल्याला खिडकीच ठेवली नव्हती. भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला. भाची निघाली. बाकांची रांग, खांब, बोळ. पाय आपोआप पडत होते. वळणाशी ती डावीकडे वळली आणि खांद्यावरचा मामाचा हात एकदम जड झाला. तो थांबला. मोकळ्या हाताने त्याने भिंत चाचपली असावी. मग तो पुन्हा चालू लागला. जिना लागला, दार लागलं, उजेड आला.

"वा!" मालक म्हणाला. "सुटलो. आणा किल्ल्या."

मामाने खिशातून जुडगा काढला आणि तो भाचीच्या हातात ठेवला. "नकाशा तुझा आहे," एवढंच तो म्हणाला.

रागावला असता तर बरं झालं असतं. किल्ल्या पुढे कराव्यात आणि घरी जावं, असं तिला फार वाटलं. पण हात पुढे होईना.

"पुन्हा एकदा जाऊ या," ती मालकाला म्हणाली. "या वेळी तुम्ही पुढे."

"मी कशाला?"

"मी पाठ करून आले होते."

मालक हसत हसतच वर गेला, मागोमाग भाची आणि मामा. दिवे गेले. बाकांपर्यंत त्याचं हसणं ऐकू येत होतं, बोळात ते थांबलं. कुणीही गेलं असतं तसा तो सरळ गेला. खोक्यांची एक चळत धडाधड कोसळली.

"अहो, दार कुठे आहे?" त्याचा आवाज चिरकला. "अहो, कुणी आहे का?"

"लावा दिवे," मामा फोनवर ओरडला. फेरीत आजवर तो कधी बोलला नव्हता.

मालक खोलीच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, भिंतीला हात लावून उभा होता. बाहेर आल्यावर त्याने घाम पुसला आणि मग त्याचा पारा चढला. "मी काय रोज अंधारात फिरणार आहे?"

"खोली पाडावी लागेल," भाची म्हणाली. "तोवर किल्ल्या मिळणार नाहीत."

"मग पुढच्या दुकानांचे नकाशे दुसरं कुणीतरी काढेल."

"काढू दे," ती कशीबशी म्हणाली. मालक तरातरा निघून गेला.

भाची मटकन पायरीवर बसली. गुडघा सांभाळत मामाही शेजारी टेकला. आता बोलणी बसणार म्हणून तिने मान खाली घातली.

"मी आरशावर आपटलोच नव्हतो," मामा म्हणाला.

तिने वर पाहिलं.

"मला कशाला लागेल? नकाशा माझा होता. मी सगळ्यांच्या आधी बाहेर आलो. तुझी आई आत राहिली. मी फुटपाथवर उभा राहून तिला ओरडून सांगत होतो, अगं सोपं आहे, डावीकडे वळ."

"किती वेळ होती ती आत?"

मामाने भाचीच्या हातातला जुडगा घेतला आणि खिशात टाकला.

"ती अजून दिवा लावून झोपते ना," तो म्हणाला.