रविवारी मी काय केलं होतं?

रविवारी मी नेमकं काय केलं होतं, हे मला कुणी सांगेल का? सोमवारपासून मी हेच विचारत फिरत होते.

अकरा वर्षं मी नटी. सिनेमात नर्स, टेलिफोनवाली, नाहीतर प्रेत बघून किंचाळणारी मोलकरीण. छप्पन साली टेलिव्हिजनवर पहिल्यांदा मोठं काम मिळालं. तेव्हा नाटक रविवारी थेट दाखवायचे आणि गुरुवारी सगळ्यांनी पुन्हा उभं राहून तेच करायचं. साठवून ठेवायची भानगडच नव्हती. झालं ते गेलं.

रविवारी नाटकात सात वर्षांनी परतलेल्या नवऱ्याला मी दार उघडलं. वाक्य होतं, "तुझी खोली मी भाड्याने दिली." आणि डोकं एकदम कोरं! कॅमेरा तोंडाशी आलेला. किती वेळ गेला, देव जाणे. मग आठवलं, बोलले. घरी येऊन म्हटलं, संपलं बाई सगळं.

सोमवारी पेपरात छापून आलं, 'मिस हॅडो यांचं ते मौन विसरता येणार नाही.' लगोलग एका सिनेनिर्मात्याचा निरोप: रविवार हुकला, गुरुवारी बघतो, तेच दिसलं तर नायिका तुम्हीच, शुक्रवारी दहाला फोन करतो. नायिका! चौतिसाव्या वर्षी!

पण तेच म्हणजे काय? दिग्दर्शक रुपर्टला विचारलं. "अगं, द्वेषाने बघत राहिलीस त्याच्याकडे!" वाक्यं सुचवणाऱ्या मिस टपर म्हणाल्या, "छे! तू तर हसलीस." ग्रिम्सबीला आईला ट्रंक कॉल लावला. "मी बाई तुझा झगा बघत होते. कमरेत केवढा ढगळ तो!"

तीन दिवस आरशासमोर तोंडं केली. स्वतःच्याच चेहऱ्याची नक्कल जमेना, म्हणजे कमालच झाली! रुपर्टने टपरबाईंना बजावलं, ही कितीही गप्प राहिली तरी वाक्य सुचवायचं नाही. नवऱ्याचं काम करणाऱ्या लायोनेलला कुणी सांगायचं? मला वाटलं रुपर्ट सांगेल, त्याला वाटलं मी.

गुरुवारी दार उघडलं. वाक्य जिभेवर तयार होतं. ते दाबून धरलं आणि बघत राहिले. आणि खरंच काहीतरी येऊ लागलं. रविवारचं की नवीन, कुणास ठाऊक! तेवढ्यात लायोनेलच्या कपाळावर घाम दिसला. बिचाऱ्याला वाटलं, ही पुन्हा विसरली. त्याने टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "माझी खोली भाड्याने दिलीस ना?"

कॅमेरा त्याच्याकडे वळला. मला उरलं एक "हो."

नंतर लायोनेलने मला मिठीच मारली. "वाचवलं बघ तुला! कुणाला कळलंसुद्धा नाही." मी आभार मानले. रागवायचं तरी कुणावर?

शुक्रवारी दहाला घरमालकिणीच्या जिन्याखाली फोन वाजला. निर्माता खुशीत होता. "काय प्रसंग होता, मिस हॅडो! खोली दिलीस ना, असं तो माणूस स्वतःच विचारतो! त्याचा नंबर आहे का हो तुमच्याकडे?"

"आणि मी?" तोंडातून निघूनच गेलं.

"तुम्ही ना? तुम्हीही छान. दार फार छान उघडलंत."

मी नंबर दिला.