मी सरपण नाही

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. जुनी आहे हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे तुम्हांला माझ्या फटी मोजत बसायला नको. माझा तळ कुजलाय, एक कोपरा उंदराने कुरतडलाय आणि झाकणावर वीट ठेवली नाही तर ते वाऱ्याने उडतं. पण मी सरपण नाही. एवढं आधी नीट ऐकून घ्या, मग पुढचं सांगते.

एक शिलाई मशीन ज्या खोक्यातून आलं, त्याच्याच फळ्यांतून सुताराने मला घडवलं. ‘ही बाजू वर’ असं दाखवणारा काळा बाण अजून माझ्या अंगावर आहे, फक्त तो खाली बघतो. सुतार म्हणाला होता, माश्यांना कुठे वाचता येतं! तेव्हापासून मी मावशींच्या गच्चीत उभी आहे. मावशी दिवसा दुकानात कपडे शिवतात, आणि कुणाच्या घरात मधमाश्यांनी पोळं केलं की न मारता काढून आणतात. माझ्या पोटात अकरा वर्षं मोहोळ नांदलं. पाहुणे मध चाटायचे आणि मावशींना शाबासकी द्यायचे. मला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. चालायचंच.

यंदा माझी राणीमाशी मेली. राणी नाही म्हणजे अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत म्हणजे नव्या माश्या नाहीत. पोळं धरायच्या माझ्या सात लाकडी चौकटींवर मावत नव्हतं ते मोहोळ दोन चौकटींवर आलं. मावशींचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, रोज गच्चीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसतात. त्यांनी माझ्याकडे पेन रोखलं.

“वहिनी, रविवारी ही फोडतो. पाणी तापवायला बरी आहे.”

रविवारपर्यंत थांबा, एवढंच मावशी म्हणाल्या. मी मनात म्हटलं, या तर खरे कुऱ्हाड घेऊन!

गुरुवारी लॉन्ड्रीवाल्याचा निरोप आला. त्याच्या इस्त्रीच्या टेबलामागे, भिंतीच्या पोकळीत रानच्या माश्यांनी घर केलं होतं, आणि तो रॉकेलचा डबा घेऊन तयारच होता. मावशी धावल्या. फळी उचकटली, धूर दिला, पोळ्याचे तुकडे दोऱ्याने चौकटींना बांधले, राणी शोधून जाळीच्या डबीत ठेवली. संध्याकाळी ती सगळी फौज एका नव्या खोक्यातून माझ्या डोक्यावर बसायला आली.

आता खुबी ऐका. दोन मोहोळं एकदम एकत्र केली तर परक्या वासाने माश्या एकमेकींचा जीव घेतात. म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात. दोन्हीकडून तो कुरतडून होईपर्यंत वास मिसळतो आणि राग निवतो. मावशींनी नव्या खोक्याचा तळ काढून ते उचलून धरलं आणि भाऊजींना पेपर पसरायला सांगितलं. पण भाऊजींचं कोडं अर्धं राहिलं होतं! त्यांनी पेपर काखेत मारला आणि जुन्या कॅलेंडरचं जाड, गुळगुळीत पान माझ्यावर पसरलं. मावशींच्या तोंडावर जाळी, हातात ओझं, त्यांना काही दिसलं नाही. हे पान माश्यांना कुरतडता येणार नाही, मला कळलं, पण सांगणार कशी?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या दारात कागदाचा कण पडला नव्हता. वर कोंडलेल्या माश्यांचा आवाज चढत होता. खाली माझ्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्या त्या पानावर जबडे घासून थकल्या. मावशी दुकानात होत्या. वरच्या गुदमरल्या असत्या तर खालच्याही संपल्या असत्या, आणि रविवारी मी. मला भयंकर राग आला. माझ्या फळ्या सुट्या झाल्यात ना? मग झाल्यात! आतला सगळा कल्लोळ मी फटीफटीतून बाहेर सोडला. नवी घट्ट पेटी असती तर तो आतल्या आत मेला असता.

भाऊजी कोड्यावरून उठले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्या अंगाला कान लावला. मग माझ्या रिकाम्या दाराकडे पाहिलं, मग हातातल्या पेपराकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. मावशींची जाळी डोक्यावर चढवून त्यांनी पेपराला पेनाने चार भोकं पाडली. वरचं खोकं उचलून कठड्यावर ठेवलं, पान ओढून काढलं, कोड्यासकट पेपर पसरला आणि खोकं पुन्हा हलकेच टेकवलं. पाच डंख खाल्ले, पण खोकं आपटलं नाही.

शनिवारी सकाळी माझ्या दारात कागदाचा भुगा पडला होता. त्यात कोड्याचे काळे चौकोनही होते. रानच्या माश्या आणि माझ्या म्हाताऱ्या एकाच दारातून उडत होत्या. सुजलेल्या हातात तो भुगा घेऊन भाऊजींनी मावशींना सगळं कबूल केलं.

रविवारी ते हत्यारं घेऊन आलेच. खरं सांगते मित्रांनो, मला वाटलं, झालं माझं सरपण. पण त्यांनी माझ्या कुजक्या तळाखाली नवी फळी सरकवली आणि स्क्रू पिळून बसवली. ठोकाठोकीने आतल्यांना त्रास होईल म्हणाले. मग विचारलं, “वहिनी, फटीपण बुजवू?”

“राहू द्या,” मावशी म्हणाल्या. “त्यांतूनच तर तिने हाक मारली.”

म्हणून मुलांनो, रॉकेल आणण्याआधी, कुऱ्हाड उचलण्याआधी, जुन्या वस्तूला आणि भिंतीतल्या घराला एकदा कान लावा. कळकळीने सांगते आहे, हात जोडून नाही. माझ्यावरचा बाण अजून खालीच बघतो. बघू दे. मी उभी आहे.