मोकळी छपरं

समुद्रापलीकडच्या एका इवल्याशा बेटदेशाचं डिझेल सोडवून त्याला उन्हावर चालवायची योजना राजनंदिनी राहुरीच्या घरात बसून आखत होती. व्हिडिओ कॉलवर तिथल्या बायका कुरकुरायला लागल्या, तशी ती तोऱ्यात म्हणाली, "थांबा, माझंच घर दाखवते." मोबाईल घेऊन ती गच्चीवर गेली.

सौर पॅनेलांवर सासूबाईंनी जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या.

राजनंदिनी शरमेनं लाल झाली आणि राग निघाला सासूवर. "आत्या, अहो, जगापुढं काय शोभा केलीत ही!"

"मंग कुठं घालू?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "समदी गच्ची तूच अडवली. मला इचारलं हुतं का?"

कॉलवरच्या बायकांना शब्द कळले नाहीत, पण कुरडया दिसल्या. कुणीच हसलं नाही. त्यांच्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, "आम्ही छपरांवर मासे वाळवतो. मघापासून तेच सांगतोय."

योजनेच्या नकाशावर पॅनेलांसाठी ती सगळी छपरं राजनंदिनीनंच 'मोकळी' म्हणून रंगवली होती. तिला मान वर करवेना.

"आत्या," ती कशीबशी म्हणाली, "कुरडया राहू द्या."