पांढऱ्यावर पांढरी वेल

मागावर विणायच्या कापडांसाठी नक्षी काढण्यात तिची उभी हयात गेली होती, आणि पानंफुलं काढावीत तर तिनेच, असं कारखान्यात सगळे म्हणत. आजवरची तिची पानंफुलं कुठली ना कुठली खरी, कुणाच्या तरी अंगणातली असत. या टेबलक्लॉथवरची वेल मात्र तिने निव्वळ मनातून उभी केली होती. पांढऱ्या सुतावर पांढरंच विणकाम; समोरून पाहिलं तर कोरं कापड, आणि खिडकीतून तिरपा उजेड आला की खाली मान घातलेली फुलं हळूच वर यायची. अशी वेल जगात कुठेच नाही, हे सांगताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

रविवारी थोरली बहीण जेवायला आली, तेव्हा तिने तो मुद्दाम अंथरला. ताईने त्यावरून हात फिरवला आणि सहज म्हणाली, "अगं, ही तर माझ्या कुंपणावरची."

"कुंपणावरची कशी असेल? मी बनवलीय ती."

"हुबेहूब उतरवलीस. पण रोप तूच आणून लावलंस ना, आम्ही घर बांधलं तेव्हा?"

थट्टा समजून ती शेजारी जेवत बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहून हसली. तो हसला नाही. भात वाढून घेत म्हणाला, "खड्डा मी खणला होता. चार दिवस पाठ धरली होती माझी."

दोघं मिळून आपली फिरकी घेताहेत म्हणावं, तर एकाच्याही चेहऱ्यावर मिश्कीलपणाचा मागमूस नव्हता. तिला जेवण गेलं नाही. उभ्या आयुष्यात एकच गोष्ट अगदी स्वतःची म्हणावी अशी केली, तर तीही यांनी कुंपणावर नेऊन टाकली! हात धुतल्या धुतल्या तिने चपला घातल्या.

"चल, दाखव."

ताईचं कुंपण त्या वेलीने पार झाकून गेलं होतं. बुंधा मनगटाएवढा जाड, फुलं खाली मान घातलेली. तिने एक पान बोटांत धरलं. त्याची कड गोल नव्हती. जवळून पाहिलं तर इवल्या इवल्या पायऱ्यांची होती, उभ्याआडव्या धाग्यांना गोलाई साधत नाही म्हणून कापडात होते तशी. तिने पान उलटलं. वर जिथे चकाकी, तिथे खाली मंद; वर जिथे मंद, तिथे खाली चकाकी; तिच्या टेबलक्लॉथची उलटी बाजूही अशीच होती. कुठे गाठ नाही, कुठे एक तंतू सुटलेला नाही. भीती वाटायला हवी होती, पण त्याआधी तिचा ऊर भरून आला. इतकं सफाईदार काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

"आहे ना तीच?" ताईने मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तीच," ती म्हणाली.

हात हलका होता, आणि तलम. तिने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं नाही.