मदतनीस मूग गिळून बसला

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या विलायती गुप्तहेराच्या नव्या कथा आमच्या घरात तयार होत. मूळ लेखक केव्हाच गेला, पण वाचकांची हौस काही जाईना. म्हणून आमचे हे आणि धाकटे भाऊजी मिळून लिहीत. हे घड्याळं दुरुस्त करतात; तेव्हा खून, कुलपं, कोण कधी कुठे होतं, हे खातं यांचं. भाऊजी औषधं विकत दारोदार फिरतात. गुप्तहेराचा मदतनीस आणि त्याची अखंड बडबड ही भाऊजींची. प्रत्येक कथेच्या शेवटी मदतनिसाचं वाक्य ठरलेलं: "कमाल आहे! मला कसं सुचलं नाही?" ते आल्याशिवाय वाचकांना पुस्तक संपल्यासारखं वाटत नसे.

गेल्या वर्षी भाऊजींनी एका कथेत गुन्हेगार मदतनिसाला पकडू दिला. यांनी ती पानं फाडली.

"मदतनिसाला अक्कल फुटली तर गुप्तहेर काय माशा मारणार?"

"म्हणजे त्याने जन्मभर मानच डोलवायची का, दादा?" भाऊजी म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. बोलणं कोणाबद्दल चाललंय ते मला कळलं. गुन्हेगार शोधणाऱ्या आमच्या ह्यांना मात्र नाही कळलं.

मग यांनी हट्टाने एकट्यानेच नवी कथा लिहिली. मी वाचली. मदतनीस पहिल्या पानावर कोट काढून खुर्चीत बसतो आणि पुढे चकार शब्द बोलत नाही. मी भाऊजींना फोन लावला.

"भाऊजी, तुमचा मदतनीस मूग गिळून बसलाय. येऊन बघा जरा."

"दादाने बोलावलंय?"

"मी बोलावलंय. मोठी आहे ना मी?"

ते आले. खिडकीशी बसून वाचू लागले. हे डोळ्याला भिंग लावून एका बंद घड्याळात डोकं घालून बसले. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. आज हे दोघे तुटले तर कायमचेच तुटतील, एवढंच मनात घोळत होतं.

"हा बोलत का नाही?" भाऊजींनी शेवटी विचारलं.

"मला नाही येत त्याचं बोलणं," हे घड्याळाकडे बघतच म्हणाले. "चार वेळा लिहिलं. दर वेळी माझ्यासारखंच बोलायला लागला."

भाऊजींनी पानं मागे चाळली. मग म्हणाले, "गुन्हेगार चुकलाय, दादा."

यांनी भिंग काढलं. "अशक्य. गाडीवानच आहे."

"खून झाला तेव्हा गाडीवान स्वयंपाकघरात चहा पीत होता. तिसऱ्या प्रकरणात तूच लिहिलंयस. काखेत कळसा! स्वयंपाकीणबाईंना कोणी काही विचारलंच नाही. मदतनीस असता तर पहिल्यांदा तिथेच जाऊन गप्पा ठोकल्या असत्या त्याने."

यांनी कागद ओढून घेतले, तिसरं प्रकरण काढलं, ओळीवर बोट ठेवलं. आता हे उसळणार म्हणून मी नळ बंद केला. हे बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. मग समोरची खुर्ची पायाने टेबलाजवळ सरकवली, पेन भाऊजींपुढे ठेवलं, आणि आजवर स्वतः कधी न लिहिलेलं, न उच्चारलेलं ते वाक्य म्हणाले.

"कमाल आहे! मला कसं सुचलं नाही?"